हायपरथायरॉईड निघालंय? गोळी सुरू करण्याआधी प्रकार ठरवून घ्या (ठाणे आणि नवी मुंबईकरांसाठी)

थायरॉईड जास्त झालंय एवढ्यावर उपचार ठरत नाही. ते का जास्त झालंय हे आधी कळावं लागतं, आणि नेमकी हीच पायरी घाईत गाळली जाते. आमच्या घरात हा रिपोर्ट दोघींचा आला. आधी माझा, नंतर ठाण्यात राहणाऱ्या माझ्या जावेचा. टीएसएच (थायरॉईड ग्रंथीला कामाला लावणारं मेंदूकडचं हार्मोन, थायरॉईड जास्त झालं की ते कमी होतं) दोघींचं तळाला गेलेलं, टी३ आणि टी४ (थायरॉईडची स्वतःची हार्मोन्स) दोघींचे वाढलेले, छातीत धडधड दोघींना. मला कार्बिमाझोलचा, म्हणजे ग्रंथीचं हार्मोन बनवणं कमी करणाऱ्या गोळीचा, लांबलचक कोर्स करावा लागला. तिला ती गोळी लागलीच नाही, कारण तिचा आजारच वेगळा होता.

मी डॉक्टर नाही. औषध आणि डोस तुमचे डॉक्टरच ठरवतील. पण त्यांच्यासमोर बसताना कुठल्या तपासण्या हातात हव्यात, काय विचारायचं आणि कुठे फसायला होतं, हे दोन्ही बाजूंनी पाहिल्यामुळे सविस्तर लिहिते आहे.

मूळ गोष्ट अशी. रक्तात थायरॉईडचं हार्मोन दोन कारणांनी वाढतं. एक तर ग्रंथी गरजेपेक्षा जास्त हार्मोन तयार करत असते. नाहीतर ग्रंथीला सूज येऊन आत साठलेलं हार्मोन नुसतं रक्तात सांडत असतं. सोसायटीच्या गच्चीवरून पाणी वाहतंय, तर नळ उघडा राहिलाय की टाकीला तडा गेलाय, हे आधी बघावं लागतं. कार्बिमाझोल हा नळ बंद करण्याचा उपाय आहे. तडा गेलेल्या टाकीला त्याचा उपयोग नाही.

१. आधी रिपोर्ट पक्का करा

फक्त टीएसएच करून थांबू नका. सोबत फ्री टी४ आणि टी३ हवेत. टीएसएच कमी पण बाकी दोन्ही नॉर्मल, ही सौम्य अवस्था असते. त्यात बहुतेकदा काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी करून मगच पुढचं ठरवतात. वय ६५ च्या वर असेल आणि टीएसएच ०.१ च्याही खाली राहत असेल, तर मात्र ही सौम्य अवस्थाही डॉक्टर गांभीर्याने घेतात. त्या वयात हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा आणि हाडं ठिसूळ होण्याचा धोका असतो.

इथला सगळ्यात मोठा सापळा बायोटिन या व्हिटॅमिनचा. थायरॉईड बिघडलं की केस गळतात, केस गळले की केमिस्टकडून केसांच्या गोळ्या येतात, आणि त्यात बायोटिन भरपूर असतं. बऱ्याच लॅबच्या यंत्रांना बायोटिन चकवतं. टीएसएच खोटं कमी दिसतं, टी३-टी४ खोटे जास्त दिसतात, आणि पुढे जी अँटीबॉडी तपासणी सांगणार आहे तीसुद्धा खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. म्हणजे धडधाकट माणसाचा रिपोर्ट हुबेहूब आजाऱ्यासारखा दिसतो. रक्त देण्याआधी निदान दोन दिवस या गोळ्या बंद ठेवा. डोस मोठा असेल तर किती दिवस थांबायचं ते डॉक्टरांना विचारा.

गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत टीएसएच कमी येणं बऱ्याचदा नैसर्गिक असतं, विशेषतः उलट्या जास्त होत असतील तर. पाळी चुकली असेल तर आधी ते तपासा, कारण पुढच्या प्रत्येक पायरीवर त्याने फरक पडतो.

लॅब शक्यतो एकच ठेवा. दर वेळी वेगळी लॅब पकडली की आकड्यांची तुलना नीट होत नाही.

२. फाइल तयार करा

एक साधी प्लास्टिकची फाइल घ्या आणि तारखेनुसार लावा:

- थायरॉईडचे जुने सगळे रिपोर्ट, अगदी पाच वर्षांपूर्वीचे असले तरी
- सध्या चालू असलेल्या गोळ्यांची यादी, त्यात व्हिटॅमिन, आयुर्वेदिक चूर्ण, प्रोटीन पावडर सगळं
- सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) आणि लिव्हरचा ताजा रिपोर्ट, कारण कार्बिमाझोल सुरू करण्याआधी दोन्ही बघतात
- ईसीजी काढला असेल तर तो
- मागच्या काही महिन्यांत सीटी स्कॅन किंवा अँजिओग्राफी झाली असेल तर तिचा कागद
- बाळंतपण झालं असेल तर डिस्चार्ज कार्ड
- आधार कार्ड, आणि सरकारी योजनेतून उपचार घ्यायचे असतील तर रेशन कार्ड

सीटी स्कॅनचा कागद का, असं वाटेल. त्यात शिरेतून जे औषध देतात त्यात आयोडीन प्रचंड असतं. त्यानंतर काही आठवडे थायरॉईडचा न्यूक्लिअर स्कॅन (किंचित किरणोत्सारी औषध देऊन ग्रंथीचं काम दाखवणारा, पुढे सविस्तर आहे) भरवशाचा येत नाही. शिवाय जुनी गाठ असलेल्या माणसाला त्या आयोडीननेच थायरॉईड उसळू शकतं.

३. स्वतःचा इतिहास नीट आठवा

निम्मं निदान इथेच होतं. डॉक्टरांकडे मिनिटं मोजकी असतात, म्हणून उत्तरं घरूनच लिहून न्या.

मान दुखते का? गिळताना कळ कानापर्यंत जाते का, आधी सर्दी-ताप येऊन गेला होता का? तसं असेल तर सबअ‍ॅक्यूट थायरॉयडायटिसची, म्हणजे दुखऱ्या सुजेची शक्यता असते. यात ईएसआर, म्हणजे शरीरातली सूज दाखवणारा रक्ततपासणीतला आकडा, खूप वाढलेला असतो. हे रुग्ण घसा दुखतोय म्हणून अँटिबायोटिक घेत फिरत राहतात, कारण मानेचं दुखणं आणि घशाचं दुखणं यात गल्लत होते.

डोळे मोठे झाल्यासारखे, खुपल्यासारखे, पाणावलेले वाटतात का? जुना फोटो शेजारी धरून बघा. डोळ्यांत खरा बदल असेल तर तो ग्रेव्ह्ज आजाराकडे बोट दाखवतो. यात शरीराचीच अँटीबॉडी ग्रंथीला सतत ढोसत राहते. हायपरथायरॉईडचं हे सगळ्यात जास्त आढळणारं कारण आहे, पुरुषांपेक्षा बायकांमध्ये कितीतरी जास्त. माझा प्रकार हाच. आयर्लंडचे डॉक्टर रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनी १८३५ साली त्याचं वर्णन केलं, म्हणून हे नाव.

मानेत जुनी गाठ किंवा गलगंड आहे का? घरातल्या वयस्कर बाईच्या मानेवर वर्षानुवर्षं गाठ असते, दुखत नाही म्हणून कुणी लक्ष देत नाही. त्यातल्या एखाद-दोन गाठी स्वतःच्या मर्जीने हार्मोन बनवायला लागतात. वयस्कर माणसांत लक्षणंही वेगळी दिसतात. घाम नाही, थरथर नाही. नुसतं वजन उतरत जातं, थकवा येतो, ठोके चुकतात. सासूबाई किंवा सासरे विनाकारण वाळत चालले असतील तर टीएसएच करून घ्याच.

गेल्या वर्षभरात बाळंतपण झालंय का? माझ्या जावेचं हेच होतं. बाळ तीन महिन्यांचं असताना तिला धडधड सुरू झाली. झोप नाही, दगदग आहे, म्हणून सगळ्यांनी दुर्लक्ष केलं. एका दवाखान्यात रिपोर्ट बघून लगेच कार्बिमाझोल लिहून दिली. तिने ती सुरू करण्याआधी हार्मोनतज्ज्ञांना दाखवलं, आणि तिथे प्रकार कळला: बाळंतपणानंतरची थायरॉईडची सूज, न दुखणारी. हिचा क्रम ठरलेला असतो. आधी काही आठवडे हार्मोन जास्त, मग ते संपून कमी, आणि बहुतेकींचं वर्षाच्या आत पुन्हा जाग्यावर. जास्तच्या काळात कार्बिमाझोल घेतली असती तर सांडणं थांबलं नसतंच, वर पुढचा कमीचा काळ आणखी खोल गेला असता.

आणि औषधं. हृदयाच्या ठोक्यांसाठी दिली जाणारी अमिओडॅरोन ही गोळी थायरॉईड दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी बिघडवते. ती चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, पण स्वतः बंद करू नका. थायरॉईड कमी असणाऱ्यांना देतात त्या थायरॉक्सिनचा डोस जास्त झाला तरी रिपोर्ट असाच दिसतो. वजन कमी करण्याच्या काही पावडरींमध्येही थायरॉईडचं हार्मोन किंवा समुद्री शेवाळ घातलेलं असतं. डबा उचलून लेबल वाचा, नाहीतर डबाच सोबत न्या.

४. अँटीबॉडी: नेमकी कोणती ते बघा

इथे पैसे चुकीच्या जागी जातात. लॅबच्या थायरॉईड पॅकेजमध्ये अँटी-टीपीओ नावाची अँटीबॉडी तपासणी असते. ती पॉझिटिव्ह आली की आता कारण कळलं असं वाटतं. पण अँटी-टीपीओ ग्रेव्ह्जमध्येही वाढते आणि बाळंतपणानंतरच्या सुजेतही वाढते. ती हे दोन प्रकार वेगळे करून दाखवत नाही.

ते काम टीएसएच रिसेप्टर अँटीबॉडी करते. रिपोर्टवर टीआरएबी असं लिहितात, डॉक्टर बोलताना ट्रॅब म्हणतात. ही स्पष्टपणे पॉझिटिव्ह आली तर ग्रेव्ह्ज जवळपास पक्का, आणि बऱ्याचदा स्कॅनचीही गरज राहत नाही. साध्या थायरॉईड तपासणीपेक्षा ती महाग असते आणि नमुना मोठ्या लॅबमध्ये पाठवावा लागत असल्याने रिपोर्टला वेळ लागू शकतो. तरी पुढच्या दीड वर्षाचा निर्णय जिच्यावर अवलंबून आहे, ती तपासणी टाळू नका. माझ्या जावेची ट्रॅब निगेटिव्ह आली आणि चित्र स्पष्ट झालं.

आणखी एक खूण तुम्हाला स्वतः बघता येते. ग्रेव्ह्जमध्ये टी३ बहुतेकदा टी४ पेक्षा जास्त प्रमाणात वर गेलेलं असतं. सुजेत टी४ पुढे असतं. निदान यावरून होत नाही, पण डॉक्टरांशी बोलताना उपयोगी पडतं.

५. थायरॉईड स्कॅन: कुठे आणि कसा

सोनोग्राफी आणि हा स्कॅन एक नव्हे. सोनोग्राफीत गाठ आहे का, किती मोठी आहे ते दिसतं. डॉपलर केलं तर रक्तप्रवाहही दिसतो: ग्रेव्ह्जमध्ये वाढलेला, सुजेत कमी. गाठ काम करतेय की नुसतीच आहे, हे मात्र न्यूक्लिअर स्कॅनच सांगतो.

सोनोग्राफी सेंटर आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत, पण या स्कॅनला लागणारा गॅमा कॅमेरा मोजक्या मोठ्या रुग्णालयांत आणि स्कॅन सेंटरमध्ये. फोन करून दोनच प्रश्न विचारा: टेक्नेशियमचा (हे त्या किरणोत्सारी औषधाचं नाव) थायरॉईड स्कॅन करता का, आणि अपटेकचा, म्हणजे ग्रंथीने ते औषध किती ओढून घेतलं त्याचा, आकडा रिपोर्टमध्ये देता का? नुसत्या चित्रापेक्षा आकड्यासह आलेला रिपोर्ट कामाचा.

सरकारी व्यवस्थेत जायचं असेल तर परळ. केईएममध्ये हार्मोनच्या आजारांचा स्वतंत्र विभाग आहे, आणि तिथेच टाटा मेमोरियलच्या अ‍ॅनेक्समध्ये भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे. ठाण्याहून धिमी लोकल पकडली की थेट परळ. वाशी, नेरूळ, पनवेलकडून कुर्ल्याला उतरून गाडी बदला. ऐरोली, घणसोलीकरांना ट्रान्स-हार्बरने ठाण्याला येऊन बदललेलं सोपं. ओपीडीची वेळ आणि लागणारे कागद आधी विचारून घ्या, केस पेपर काढायला सकाळी लवकर पोचा.

स्कॅनचा बाऊ करू नका. हाताच्या शिरेत एक लहान इंजेक्शन, साधारण वीस मिनिटं बसणं, मग खांद्याखाली उशी देऊन मान मागे झुकवून कॅमेऱ्याखाली पडून राहायचं. दुखत काही नाही. टेक्नेशियम सहा तासांत निम्मं होतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी फारसं काही उरत नाही.

चित्र कसं वाचायचं? खाली थायरॉईड, वर जबड्यापाशी लाळेच्या ग्रंथी, अशी दोन ठिकाणं दिसतात. माझ्या चित्रात थायरॉईडचे दोन्ही भाग एकसारखे गडद होते आणि लाळेच्या ग्रंथी फिक्या: हा ग्रेव्ह्ज. एकच ठिपका गडद आणि बाकी ग्रंथी जवळपास गायब असेल तर एकच गाठ काम करतेय, तिला टॉक्सिक अ‍ॅडिनोमा म्हणतात. ठिकठिकाणी गडद-फिके डाग म्हणजे अनेक गाठींचा गलगंड. आणि लाळेच्या ग्रंथी स्पष्ट, पण खाली थायरॉईडच्या जागी काहीच नाही, तर बहुतेकदा सूज. पण बाहेरून हार्मोन पोटात गेलं असेल किंवा आयोडीन नुकतंच मिळालं असेल तरी चित्र असंच रिकामं येतं. म्हणूनच वर औषधांबद्दल आणि सीटीबद्दल एवढं लिहिलं.

गरोदर असाल तर हा स्कॅन नाही. अंगावर पाजत असाल तर आधी सांगा. शक्यतो ट्रॅब आणि डॉपलरवर भागवतात, आणि करावाच लागला तर ठरावीक तास दूध काढून टाकावं लागतं. कार्बिमाझोल आधीच सुरू असेल तर तीही स्कॅनचं चित्र बदलू शकते. स्कॅन करायचाच असेल तर तो पहिल्या गोळीच्या आधी झालेला बरा.

६. प्रकाराप्रमाणे उपचार

धडधड आणि थरथर कमी करणारी प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी कुठल्याही प्रकारात चालते, आणि निदान होईपर्यंत तिचा मोठा आधार असतो. दमा असेल तर मात्र पहिल्या वाक्यातच सांगा, दमेकऱ्यांना ती चालत नाही.

ग्रेव्ह्ज: तीन वाटा आहेत. कार्बिमाझोलचा १२ ते १८ महिन्यांचा कोर्स, किरणोत्सारी आयोडीन (ग्रंथीत जाऊन तिच्या पेशी नष्ट करणारी कॅप्सूल), किंवा ऑपरेशन. आपल्याकडे सुरुवात बहुतेकदा गोळीने होते. कोर्स संपल्यावर सुमारे निम्म्या लोकांत आजार परत येतो, हे आधीच माहीत असू द्या. गोळी बंद करण्याआधी ट्रॅब पुन्हा करतात. ती अजून जास्त असेल तर आजार उलटण्याची शक्यता मोठी असते. डोळ्यांना त्रास असेल तर नेत्रतज्ज्ञांना दाखवा, आणि सिगारेट पूर्ण बंद. धुराने डोळ्यांचा आजार बळावतो, आणि किरणोत्सारी आयोडीननेही तो वाढू शकतो.

काम करणारी गाठ किंवा गाठींचा गलगंड: इथे गोळीने आकडे ताब्यात येतात, पण गाठ जात नाही. गोळी थांबवली की पुन्हा तेच. म्हणून कायमचा उपाय किरणोत्सारी आयोडीन किंवा ऑपरेशन. वर्षानुवर्षं कार्बिमाझोल खाणाऱ्या गाठीच्या रुग्णाला प्रकार कोणता हे कुणी सांगितलेलंच नसतं, तेव्हा फार वाईट वाटतं.

सूज: दुखरी असेल तर वेदनाशामक, फारच दुखत असेल तर स्टेरॉइड. न दुखणारी असेल तर धडधडीपुरती गोळी आणि नियमित रक्ततपासणी. कमीचा टप्पा आला तर काही महिने थायरॉक्सिन. जावेला तेवढंच लागलं, नंतर तेही बंद झालं.

गरोदरपण ठरवताय? आधी डॉक्टरांशी बोला. पहिल्या तीन महिन्यांत कार्बिमाझोलऐवजी प्रोपिलथायोयुरासिल देतात. ग्रेव्ह्जची अँटीबॉडी वारेतून बाळापर्यंत पोचते, म्हणून पूर्वी उपचार होऊन गेलेले असले तरी स्त्रीरोगतज्ज्ञांना हा इतिहास सांगायलाच हवा.

७. कार्बिमाझोल सुरू असताना हे पाठ करा

ताप, घसा दुखणं किंवा तोंडात फोड आले तर गोळी थांबवा आणि त्याच दिवशी सीबीसी करा. फार थोड्या लोकांमध्ये ही गोळी पांढऱ्या पेशी एकदम खाली आणते, बहुतेकदा पहिल्या तीन महिन्यांत. पावसाळ्यात आपल्याकडे घरोघरी ताप असतो आणि व्हायरल म्हणून क्रोसिनवर दिवस काढले जातात. या गोळीवर असताना तसं करू नका. डोळे किंवा लघवी पिवळी झाली तरी गोळी थांबवून डॉक्टरांना गाठा. घरातल्या दुसऱ्या माणसालाही हे सांगून ठेवा.

खूप ताप, ठोके आवरत नाहीत, माणूस बरळतोय किंवा गुंगीत आहे, असं झालं तर ओपीडीची वाट न पाहता थेट इमर्जन्सीत न्या.

८. किरणोत्सारी आयोडीनची कॅप्सूल ठरली तर

नाव ऐकून लोक घाबरतात. हा उपचार १९४१ पासून, बोस्टनमधल्या पहिल्या रुग्णापासून, दिला जातोय. देशभरातल्या रुग्णालयांना हे आयोडीन पुरवणाऱ्या ‘ब्रिट’ या सरकारी संस्थेचं संकुल तर आपल्या वाशीतच आहे. आयोडीन-१३१ आठ दिवसांत निम्मं होतं. तुमचा डोस तुमच्या तारखेच्या हिशेबाने मागवलेला असतो, म्हणून ती तारीख चुकवू नका.

गरोदर असताना हा उपचार अजिबात नाही, म्हणून बायकांची आधी गर्भधारणेची तपासणी होते. पुढचे सहा महिने दिवस राहू द्यायचे नाहीत. अंगावर पाजणं आधीच काही आठवडे पूर्ण बंद केलेलं असावं लागतं. कार्बिमाझोल किती दिवस आधी थांबवायची ते लेखी घ्या.

खरी अडचण घराची. वन बीएचकेमध्ये वेगळं झोपायचं कुठे? लहान मूल किंवा गरोदर जाऊबाई घरात असेल तर त्यांना काही दिवस माहेरी किंवा नातेवाइकांकडे पाठवण्याची सोय तारीख घेण्याआधीच करा. किती दिवस अंतर ठेवायचं हे डोसवर ठरतं, विभागातून लेखी सूचना मागा. घरी येताना गर्दीची लोकल नको, दुपारची वेळ धरा किंवा गाडीत मागच्या सीटवर बसा. पाणी भरपूर प्या, संडासात दोनदा फ्लश करा. नंतरचे काही आठवडे विमानप्रवास असेल तर विभागाचं पत्र जवळ ठेवा, विमानतळावरची किरणोत्सार टिपणारी यंत्रं वाजू शकतात.

या उपचारानंतर बहुतेकांचं थायरॉईड कमी होतं आणि रोज थायरॉक्सिन घ्यावी लागते. अनेक रुग्णांत डॉक्टरांना तेच अपेक्षित असतं. त्याला उपचार बिघडला असं समजू नका.

ऑपरेशन ठरलं तर सर्जन थायरॉईडची ऑपरेशन नियमित करतात का, हे मोकळेपणाने विचारा. आवाजाची नस आणि कॅल्शियमच्या ग्रंथी तिथेच असतात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचा टेबल असतो, तुमची शस्त्रक्रिया योजनेत बसते का ते भरती होण्याआधी तिथे विचारून घ्या.

९. पुढच्या तपासण्या

सुरुवातीला दर चार ते सहा आठवड्यांनी. या काळात फ्री टी४ आणि टी३ कडे बघा. आकडे जाग्यावर आल्यावरही टीएसएच कित्येक महिने दबलेलंच राहतं. फक्त टीएसएच करून, ते अजून कमी आहे म्हणून कुणी कार्बिमाझोल वाढवली, तर तुम्ही उलट्या बाजूला जाल: वजन वाढेल, अंग सुजेल, थंडी वाजेल. लॅबवाल्याने फक्त टीएसएचचा फॉर्म भरला तर तिथेच दुरुस्त करून घ्या.

फाइलच्या पहिल्या पानावर तारीख, टी३, टी४, टीएसएच, गोळीचा डोस, वजन आणि सकाळी उठल्यावरची नाडी असे रकाने आखा. सर्वांत वर ठळक अक्षरांत प्रकाराचं नाव लिहा. नव्या डॉक्टरांकडे, दाताच्या दवाखान्यात, बाळंतपणाच्या नोंदणीला, कुठेही गेलात तरी आधी तेच पान पुढे करा.